माघातल्या छाटणीपासून अक्षय्य तृतीयेच्या आळ्यांपर्यंत: घरच्या वसंताची तयारी

आपल्याकडे वसंत येतो तेव्हा डोंगर हिरवे नसतात. फाल्गुनात वाईहून पसरणी घाटाने पाचगणीकडे निघालं की दोन्ही अंगांचं गवत वाळून पिवळं पडलेलं दिसतं, रानाची पानं झडलेली असतात आणि त्याच उघड्या फांद्यांवर पांगारा आणि काटेसावर लालभडक फुललेली असते. पानगळ, बहर आणि उन्हाचा चटका ही तिन्ही पाहुणेमंडळी महिन्याभरातच एकामागून एक दारात येतात. म्हणून या ऋतूचं स्वागत आधीपासून करावं लागतं. गुढी उतरवल्यावर मोगरा छाटायला घेतला, तर फुलं यायची तेव्हा वळीव येऊन गेलेला असतो.

माझं लहानपण वाईत गेलं. तिथे कुणी बागेचं वेळापत्रक लिहून भिंतीवर लावलेलं नव्हतं. वसंत पंचमी आली की छाटणी, होळी झाली की पाला गोळा करणं, पाडव्याला कडुलिंब, तीजेला गौर झोपाळ्यात आणि कैरीची डाळ, अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी. सण यायचा आणि आपल्यासोबत काम घेऊन यायचा. आता पुण्यात गच्चीवर कुंड्यांमध्ये बाग करताना मी तेच वेळापत्रक वापरते, आणि दख्खनच्या हवेला ते अगदी चपखल बसतं. इंग्रजी महिन्यांवर बेतलेले तक्ते दर तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक मासामुळे चांद्र तिथींशी थोडे मागेपुढे होतात, तेव्हा तिथी आणि आकाश दोन्हींकडे बघत चालावं. पाडवा एप्रिलमध्ये आला असेल तर पेरणीला त्याची वाट बघू नये.

वसंत पंचमी ते महाशिवरात्र: मोगऱ्याची छाटणी

सुरुवात मोगऱ्यापासून करा, कारण एवढी वर्षं बाग करून माझं मत असं झालंय की ज्या घरी चैत्रात मोगरा फुलत नाही तिथे वसंत अर्धाच पोचतो. तक्रार सगळ्यांची एकच असते: "झाड हिरवंगार आहे हो, पण कळी नाही." याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, की झाड कधी छाटलेलंच नसतं. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. जुनी फांदी कितीही डौलदार दिसली तरी ती नुसती पानंच देते.

जानेवारीच्या शेवटी पाणी कमी करायला लागा. आठ-दहा दिवस झाडाला जेमतेम जगण्यापुरतं पाणी द्या, पानं थोडी मलूल झाली तरी घाबरू नका. झाडाला विश्रांती मिळाली की पुढची फूट एकदम आणि जोमाने येते. मग एका सकाळी धारदार कात्री घेऊन झाड जमिनीपासून साधारण दीड फुटावर कापा. वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढून टाका. काप तिरका घ्या आणि डोळ्याच्या जरा वरती घ्या. डोळा म्हणजे पानाच्या बगलेत दिसणारा तो हिरवट टिंबाएवढा फुगवटा.

यानंतरची पायरी पुष्कळजण गाळतात. उरलेल्या फांद्यांवरची पानं हाताने खुडून काढायची, एकूणएक. आमच्या काकू अंगणात पाट घेऊन बसायच्या आणि आम्हा मुलींना हे काम वाटून द्यायच्या. "पान ओढायचं नाही गं, देठ धरून वर मोडायचं, खाली डोळा आहे त्याला धक्का लागता कामा नये." पान खाली ओढलं तर सालीची धांदोटी निघते आणि तिच्याबरोबर डोळाही जातो, वर मोडलं तर देठ टक्कन तुटतो. काम संपलं की झाडाच्या जागी नुसत्या काड्या उरायच्या, आणि ते बघून दर वर्षी वाटायचं, आता हे काही जगत नाही. होळीपर्यंत त्या प्रत्येक डोळ्यातून तांबूस पोपटी कोंब बाहेर पडलेला असायचा.

पानं काढली की कुंडीतली वरची दोन इंच माती खुरप्याने सैल करा, ती काढून तिच्या जागी शेणखत किंवा गांडूळखत भरा, त्यात मूठभर निंबपेंड मिसळा आणि मग भरपूर पाणी द्या. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा हवी. सावलीतल्या बाल्कनीत मोगरा वाढतो पण फुलत नाही. अशा जागी त्याच्यासाठी हट्ट न धरता तुळस आणि गवती चहा लावावा. कळ्या दिसायला पाच ते सहा आठवडे लागतात. पहिला बहर ओसरला की सुकलेल्या फुलांच्या खालची पानांची एक जोडी धरून टोक खुडायचं, म्हणजे दुसरा बहर येतो, आणि असं जूनपर्यंत चालतं.

गुलाबाला मात्र आता मोठी कात्री लावू नका. त्याची छाटणी ऑक्टोबरातली. आता फक्त झडलेली फुलं काढायची. जुई आणि सायली पावसाच्या सुमारास फुलणाऱ्या, त्यांना तूर्तास हात नको.

फाल्गुन: पाला हीच पुढच्या वर्षाची माती

सोसायटीच्या आवारात या दिवसांत सकाळी झाडलोट होते आणि कोपऱ्यात पाल्याचा ढीग धुमसत असतो. मला ते बघवत नाही. धुराने शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना खोकला होतो तो वेगळाच, पण जे जळतंय ते उत्तम खत आहे. सुरक्षारक्षकाशी किंवा सफाईच्या मावशींशी आधीच बोलून ठेवा. पाला पोत्यात भरून ठेवला की त्यांचंही काम हलकं होतं.

कोणता पाला घ्यावा? बदाम, आंबा, वड, पिंपळ, शिरीष, बहावा, जे मिळेल ते. शिरीष आणि गुलमोहराची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात. आंबा आणि फणसाची जाड पानं वेळ घेतात, ती हातानेच चुरगाळा किंवा पोत्यात भरून वर पाय द्या. निलगिरी आणि सुरूचा पाला घेऊ नका. प्लास्टिकचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या निवडून काढा, याला दुसरा उपाय नाही.

खत करायला खास डबा लागत नाही. बाजूला भोकं पाडलेला जुना ड्रम, जाळीची टोपली किंवा भाजीवाल्याकडची प्लास्टिकची क्रेट चालते. तळाला काड्या-नारळाच्या शेंड्या, त्यावर वीतभर पाला, त्यावर शेणकाल्याचा किंवा आंबट ताकाचा हलका शिंतोडा, पुन्हा पाला. घरातला भाजीचा कचरा मधेमधे घालता येतो, पण त्याच्या तिप्पट पाला असू द्या म्हणजे वास येत नाही. ओलावा किती? मूठभर पाला घट्ट पिळल्यावर हाताला ओल लागली पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. पंधरवड्याने एकदा खालीवर करा. उन्हाळ्यात तो वरून फार लवकर सुकतो, म्हणून गोणपाट टाकून ठेवा. चार ते सहा महिन्यांत, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराला, काळसर, पावसाळी रानासारखा वास येणारं खत हाताशी येतं.

शेण आणि गोमूत्र मिळत असेल तर अमृतजल करा. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस झाकून ठेवायचं, दिवसातून तीनदा काठीने ढवळायचं. चौथ्या दिवशी त्याच्या दहापट पाणी घालून पाल्यावर किंवा झाडांच्या मुळाशी द्यायचं. महाराष्ट्रात गच्चीवरच्या शेतीला जी शिस्त आली तिच्यामागे प्रयोग परिवाराच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांचं मोठं काम आहे. आपल्याच आवारातला काडीकचरा, ऊन आणि पाणी यांचा हिशोब मांडून घरापुरतं अन्न पिकवता येतं, हे त्यांनी साध्या माणसांना करून बघायला शिकवलं.

पाला खत होण्याआधीही कामाला येतो. मोठ्या कुंडीत अर्ध्यापर्यंत सुका पाला दाबून भरा आणि वर माती-खताचं मिश्रण घाला. ओली माती लिटरला दीड किलोहून जड भरते, त्यामुळे गच्चीवर निव्वळ मातीने भरलेल्या कुंड्यांचं ओझं फार होतं. पाल्याने ते निम्म्यावर येतं. कुंडी दोन महिन्यांत खाली बसते, तेव्हा वरून भर घालावी लागते एवढंच.

रंगपंचमीसाठी पळस

आमच्या वेळी रंग दुकानातून यायच्या आधी ओढ्याकाठच्या पळसाखालून यायचा. सकाळी फुलं वेचायला गेलं की झाडाखाली केशरी सडा असायचा आणि वर मैना, बुलबुल, शिंजीर यांचा गलका. फांदी तोडायची नाही असा घरचा दंडक होता, आणि खरं म्हणजे तोडायची गरजही पडत नाही.

पडलेली फुलं घरी आणून हिरवट काळी पुष्पकोशाची वाटी काढून टाका, नुसत्या पाकळ्या घ्या. पातेल्यात त्या बुडतील इतपत कडकडीत पाणी ओता आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी हाताने कुस्करून जुन्या सुती फडक्यातून गाळा. दाट पिवळा-केशरी रंग मिळतो. आणखी गडद हवा असेल तर गाळण्याआधी दहा मिनिटं उकळा. हे पाणी दुसऱ्या दिवशी आंबायला लागतं, तेव्हा आदल्या रात्रीच करायचं. जास्तीच्या पाकळ्या सावलीत वाळवून डब्यात ठेवल्या तर पुढच्या वर्षी पळस लवकर फुलून गेला तरी अडत नाही.

पाडव्याच्या आधीची पेरणी

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं, चवळी, लाल माठ ही उन्हाळ्याची मंडळी. यांना उबदार माती लागते. पौषात पेरलेली भेंडी गारठ्यात तशीच पडून कुजते, फाल्गुनात तीच चार-सहा दिवसांत वर येते. पाडव्याच्या दोन-तीन आठवडे आधी बी जमिनीत पडलं, तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची धामधूम संपेपर्यंत रोपांना कळ्या येतात. मेथी, पालक, कोथिंबीर आता घालू नका. उन्हाने लगेच तुरे येतात, पानं कडवट होतात. टोमॅटोचंही तेच. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळायला लागतात.

परदेशातल्या वाचकांनी थोडं थांबावं. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली असेल तिथे भेंडी बाहेर लावण्यात अर्थ नाही. घरात खिडकीशी रोपं करावीत.

कुंडीसाठी मिश्रण असं: दोन भाग पाल्याचं खत, एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, आणि कुंडीमागे मूठभर निंबपेंड. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, सकाळी पाण्यावर तरंगणारं टाकून द्या. बारा इंची कुंडीत मधोमध तीन बिया बोटाच्या एका पेराहून कमी खोल टोचा. रोपांना चार पानं आली की सर्वांत दणकट रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर राहिलेल्याची मुळं दुखावतात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत भेंडी सुरू होते. फूल गळल्यावर पाच-सहा दिवसांत ती तोडलीच पाहिजे, करंगळीएवढी असतानाच. एक जरी भेंडी झाडावर जून झाली तरी पुढची फुलं मंदावतात.

भेंडीच्या पानांवर शिरा पिवळ्या पडून जाळी दिसायला लागली, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू आहे. त्यावर औषध नाही. झाड उपटून कचऱ्यात द्या, खताच्या ढिगात टाकू नका. माशी दिसताच लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-तीन थेंब नीट घुसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. दुपारी फवारलं तर पानं करपतात.

काकडीची गोष्ट वेगळी. वेल फुलांनी भरलेला असतो आणि काकडी एकही धरत नाही, तेव्हा फुलं उलटी करून बघा. ज्या फुलाखाली नुसता बारीक देठ आहे ते नर, ज्याच्याखाली केसाळ, नखाएवढी काकडीच लागलेली आहे ते मादी. सुरुवातीला सगळी नरच येतात, तेव्हा धीर धरायचा. मादी फूल उमललं की सकाळी नऊच्या आत एक ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोला आणि मधला पिवळा परागकोश मादीच्या मध्यावर हलकेच दोन-तीनदा टेकवा. उंच मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, तिथे हे काम आपणच करायचं. मुलांना यात फार रस वाटतो, त्यांनाच करू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती इवली काकडी फुगलेली दिसली की त्यांचा चेहरा बघावा.

लाल माठ तर कुणालाही जमतो. बी वाळूत मिसळून पसरट ट्रेवर भुरभुरवा, वर खताचा पातळ थर, झारीने पाणी. पंचवीस-तीस दिवसांत भाजी.

गुढीपाडवा: कडुलिंबाची चटणी

लहानपणी कडुलिंब म्हणजे शिक्षा वाटायची, कारण कोणी तरी जून, गडद हिरवी पानं वाटून द्यायचं. चांगल्या चटणीसाठी फांदीच्या टोकाची तांबूस, चकाकणारी कोवळी पानं आणि पांढऱ्या फुलांचे तुरे घ्यायचे. आठ-दहा पानं आणि मूठभर फुलं असं प्रमाण. त्यात दोन चमचे भिजवलेली हरभरा डाळ, दोन-तीन चमचे गूळ, सुपारीएवढी चिंच, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर ओवा, हिंग आणि मीठ. पाट्यावर जाडसर वाटा, मिक्सरला लावायचं तर थांबत थांबत. कडू, आंबट, गोड, खारट सगळं एका घासात येतं आणि मुलं तोंड न वाकडं करता खातात. उरलेली फुलं तीन-चार दिवस सावलीत वाळवून ठेवा. तुपात परतून गरम भातावर घ्यायला ती वर्षभर पुरतात.

चैत्रगौर: डाळ आणि पन्हं

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर, माहेरी राहते. या महिन्यात आपल्या सोयीच्या एखाद्या दिवशी, बहुतेकदा मंगळवारी किंवा शुक्रवारी, हळदीकुंकू करायचं. हा सण मला इतर सगळ्या सणांपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात सगळं त्या आठवड्यात झाडावर असलेलंच लागतं: कैरी, मोगरा, काकडी, कलिंगड. आजी दारात चैत्रांगण काढायची. मधोमध देव्हाऱ्यात गौर, भोवती सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, गोपद्मं, शंख, कासव, हत्ती, नाग, सनई-चौघडा, कमळ. आम्हाला कोपऱ्यातलं एखादं स्वस्तिक मिळायचं. तुमच्याकडे अंगण नसेल तर पाटावर गेरूचा हात फिरवून त्यावर काढा. पहिली चौकट आखून घेतली की आकृत्या आपोआप बसतात.

आता आंब्याची डाळ. वाटीभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा आणि चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. डाळ ओली राहिली तर वाटताना लगदा होतो आणि सगळी मजा जाते. तीन-चार हिरव्या मिरच्या, मीठ आणि चमचाभर साखर घालून ती भरडच वाटा, पाणी अजिबात नको. बोटांत घेतल्यावर रव्यासारखी सुटी लागली पाहिजे, मधेच एखादी अख्खी डाळ राहिली तरी चालेल. कैरी सोलून किसा. पाऊण वाटी कीस घ्या, पण एकदम सगळा घालू नका. आधी अर्धा घालून चव बघा. चैत्राच्या सुरुवातीची कैरी करकरीत आणि झणझणीत आंबट असते, महिन्याअखेरीस तीच गोडसर होते. तोतापुरी मुळातच कमी आंबट, ती या डाळीला घेऊ नये. रायवळ सर्वांत उत्तम.

फोडणीला तीन चमचे तेल, मोहरी, सढळ हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता. ही फोडणी पूर्ण गार होऊ द्यायची आणि मगच डाळीवर घालायची. गरम ओतली तर डाळ शिजल्यासारखी होते, कच्च्या डाळीचा तो खुसखुशीतपणा जातो. शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. खोबरं घातलेली डाळ उन्हाळ्यात चार-पाच तासांत आंबते, म्हणून बायका संध्याकाळी येणार असतील तर दुपारी तीननंतरच कालवा.

पन्ह्यासाठी कैऱ्या देठ काढून कुकरमध्ये दोन शिट्ट्या करून उकडा, किंवा सवड असेल तर गोवरीच्या निखाऱ्यात भाजा. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला जो धुरकट स्वाद येतो त्याची सर उकडलेल्याला नाही. साल काढून गर हाताने कोयीवरून सोडवा. वाटीभर गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, गर कोमट असतानाच मिसळा म्हणजे विरघळतो. पाव चमचा मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, चार केशराच्या काड्या. मग गाळणीतून काढा. कैरीचे धागे पेल्यात आलेले बरे दिसत नाहीत. हा गोळा काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस टिकतो. पेल्याला दोन मोठे चमचे आणि माठातलं पाणी. फ्रीजच्या पाण्याने गोडी कळत नाही, वेलदोडा दबतो.

भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, बत्तासा किंवा कलिंगडाची फोड द्यायची, गुलाबपाणी शिंपडायचं, हाताला अत्तर लावायचं. आलेल्या प्रत्येकीला मोगऱ्याचा गजरा, आणि तो आपल्या कुंडीतला असेल तर चार फुलांचाही पुरतो.

गुलकंद, उन्हाच्या भरवशावर

गावठी गुलाबाची गुलाबी, सुवासिक फुलं या दिवसांत भरपूर येतात. फुलवाल्याकडचे हारातले गुलाब घेऊ नका, त्यांच्यावर औषधं फवारलेली असतात. पाकळ्या सकाळी खुडून धुवा, फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. जेवढ्या वजनाच्या पाकळ्या तेवढीच कुटलेली खडीसाखर. काचेच्या कोरड्या बरणीत एक थर पाकळ्या, एक थर साखर असं भरून तोंडाला फडकं बांधा आणि उन्हात ठेवा. संध्याकाळी आत घ्या, दोन दिवसांआड कोरड्या चमच्याने हलवा. तीन-चार आठवड्यांत पाकळ्या विरघळून तपकिरी, दाट गुलकंद तयार होतो. शेवटी वेलदोड्याची पूड घाला. ओला चमचा एकदा जरी आत गेला तरी बुरशी धरते.

ऊन चढल्यावर

रामनवमीनंतर बागेचं मुख्य काम म्हणजे पाणी आणि सावली. पाणी सकाळी सातच्या आत द्या. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, ओल लागली तर थांबा. दुपारी पानं मान टाकतात, ती पाण्यावाचूनच टाकतात असं नाही. संध्याकाळी ती आपसूक ताठ झाली तर झाड ठीक आहे. सकाळीही मलूल असेल तर मात्र तहानलेलं आहे. प्रत्येक कुंडीवर दोन इंच सुक्या पाल्याचं आच्छादन घाला, याने पाण्याची मोठी बचत होते. पश्चिमेकडून ऊन येत असेल तिथे हिरवी शेडनेट बांधा, पण मोगरा आणि भेंडी तिच्याबाहेर राहू द्या. या दिवसांत कुंडी बदलू नका, रोपं हलवू नका.

पक्ष्यांसाठी पसरट मातीचं ताटलं, दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डास होतात.

मुलांना घेऊन एखाद्या सकाळी झाडं बघायला बाहेर पडा. फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर. चैत्रात पिंपळाची तांबूस, आरपार उजेड जाणारी पालवी आणि कुसुंबाची लाल पानं, जी लांबून फुलंच वाटतात. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस आणि ताम्हण, आपलं राज्यफूल, जे महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला हमखास फुललेलं सापडतं. गाणारा कोकीळ काळाकुळकुळीत नर असतो, ठिपक्याठिपक्यांची कोकिळा वेगळीच ओरडते, हे एकदा दाखवून दिलं की मुलं पुढे स्वतःच शोधतात.

अक्षय्य तृतीया: आळी

गौर या दिवशी परत जाते आणि बागेत पावसाळ्याची तयारी सुरू होते. आमच्या परसात या दिवशी भोपळा, दुधी, पडवळ आणि घोसाळ्याची आळी घातली जायची. जमीन असेल तर हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा करा, त्यात सुका पाला, राख आणि शेणखत भरून माती ओढा, कडेने वर्तुळाकार बांध घाला म्हणजे पाणी मुळाशी राहतं. एका आळ्यात चार-पाच बिया, दुधी-भोपळ्याच्या टोकाची बाजू खाली करून. रोज थोडं पाणी. रोप तोल सांभाळायला लागलं की दोनच ठेवा. गच्चीवर हेच वीस लिटरच्या बादलीत जमतं, बादलीला तळाशी आणि बाजूला भोकं पाडून. मांडव आताच बांधा. पाऊस सुरू झाल्यावर वेल एका आठवड्यात हातभर पुढे जातो आणि मग काठ्या रोवताना मुळं तुटतात.

याच दिवशी अनेक घरी पहिला आमरस होतो. आंबे तासभर थंड पाण्यात बुडवून ठेवा, देठाशी दाबून चीक काढा, मगच रस पिळा. उरलेल्या कोयी टाकू नका. धुऊन सावलीत दोन दिवस सुकवा, कवच फोडून आतली बाठ ओल्या पाल्यात आडवी पुरा. बाठ फार दिवस ठेवली की रुजायची ताकद जाते, म्हणून आठवड्याच्या आत लावा.